सभा रस्त्यापलीकडे

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहीत बसलो तर मुद्द्याचं राहून जातं, तेव्हा तो मनातल्या मनात घे आणि आईलाही पोचव.

आधी वाईट बातमी. बेकरी सोडली. खरं सांगायचं तर बेकरीनेच मला सोडलं. भट्टीपुढे उभं राहायचं काम, आणि समोरच्या खिडकीतून मालगाड्या जाताना दिसायच्या. तूच सांग, मालगाडी दिसल्यावर पावाकडे कोण बघतं? सगळे पाव कोळसा झाले.

चांगली बातमी अशी की त्या मालगाड्या ज्या जुन्या बोगद्यातून जायच्या, तो आता दुरुस्तीसाठी बंद आहे आणि तिथे मला काम मिळालंय. मुकादमाला सगळे मामा म्हणतात, तो कुणाचाच मामा नाही. मी गिलावा कालवतो, घमेली भरतो. काम अगदी सुरक्षित. आईला सांग, मी बोगद्याच्या तोंडाशीच असतो, आत पाऊलसुद्धा टाकत नाही. इथे एक कुत्रा आहे, तोही टाकत नाही. भाकरीचा तुकडा आत फेकला तरी बाहेरच उभा राहून आमच्याकडे असं बघतो, की जणू चूक आमचीच आहे. त्याच्यावर एक पान लिहिता येईल, पण राहू दे.

तुमच्या पालिकेच्या नव्या इमारतीचं घोडं कुठे पेंड खातंय? कर्जवाले, घरपट्टीवाले आणि भूखंड विकून टाका म्हणणारे अजून एकमेकांच्या उरावर बसलेत का? आणि मुख्य म्हणजे, तू कायम झालीस का? की अजून ‘तात्पुरती’च? आपल्या घरात तात्पुरता असायचा मान माझा आहे, तो मला राहू दे.

तुझा,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “बोगद्याला दोन तोंडं असतात. हा एकातून कामाला लागला की दुसऱ्यातून पळणार.” मग पदराने डोळे पुसले. तू काय ते समज.

इकडची हकिगत सांगते. आपलं पालिकेचं सभागृह पहिल्या मजल्यावर, हे तुला ठाऊकच आहे. खुर्च्या मांडणं, माइक लावणं, पाणी ठेवणं, झाडणं, सगळं माझ्याकडे. त्यामुळे भांडण मला फुकटात ऐकायला मिळतं. नवी इमारत हवी यावर सगळ्यांचं एकमत, पैसा कुठून आणायचा यावर बोंब. आता नियम असा निघालाय, की जुनी इमारत धोकादायक ठरली तर पालिका कुणाला न विचारता लगेच कर्ज काढू शकते. नाही ठरली तर आधी लोकांची सुनावणी घ्यायची. म्हणून परवा तपासणी समिती आली होती.

समिती येणार म्हटल्यावर हेडक्लार्कच्या अंगात आलं. “बाई, सगळं लखलखीत पाहिजे. या तपासणीत तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बघतो.” मग काय, दिवे बदलले. सभागृहाचं दार अडकतं, ते सुताराकडून पुन्हा तासून घेतलं. कितीदा तासायचं कोण जाणे, दार बारीक होतंय की चौकट, काही कळत नाही. छतातून पिठासारखं काहीतरी झडतं, म्हणून खुर्च्या सकाळ-संध्याकाळ पुसते. जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी काचेच्या लांबट पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका देऊन. जुन्या इंजिनिअरांच्या काळातलं काहीतरी असावं. बहुतेक तडकल्या होत्या. हेडक्लार्क म्हणाले, “पाहुण्यांना फुटकी काच दाखवणार का?” मी काचवाल्याला बोलावून सगळ्या नव्या लावून घेतल्या.

आणि गंमत बघ, नवे इंजिनिअर आले ते थेट त्या काचांपाशीच. एकेकीवर बोट फिरवलं आणि समितीला म्हणाले, “सगळ्या शाबूत आहेत. इमारत हललेली नाही. घाई नको.” माझ्या कामाची अशी तारीफ पहिल्यांदाच झाली. हेडक्लार्कनी माझ्याकडे बघून मान डोलावली. ऑर्डर येणार, असं दिसतंय.

म्हणजे आता सुनावणी होणार. तीही वरच, सभागृहात.

जेवतोस का वेळेवर? कुत्र्याला घालतोस ते आधी स्वतः खा.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. छान पत्र. तुझं अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखंच आहे.

मामाचं सांगायचं राहिलं. मामाचे पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळे तो शिट्टी वाजवत नाही, शिट्टी आपोआप वाजते. तो रागावला की सगळे कामगार गाडी आली म्हणून बाजूला होतात. मी नवे बूट घेतले. नवे म्हणजे मला नवे. आधी ज्याचे होते तो माणूस काम सोडून गेला, का गेला ते कुणी सांगत नाही. बूट दोन बोटं मोठे आहेत. आत कापड कोंबलं की बरोबर बसतात, फक्त पळताना डावा मागे राहतो.

पळण्यावरून आठवलं, इथल्या चहावाल्याने आपली टपरी मागे सरकवली. आधी बोगद्याच्या तोंडाशी होती, आता पार वळणावर आहे. चहा प्यायला चालत जावं लागतं. मी म्हटलं, काका, गिऱ्हाईक तुटेल. तो म्हणाला, गिऱ्हाईक तुटलेलं परवडलं. विनोदी माणूस आहे. त्याचा एक भाऊ जहाजावर होता, त्याची गोष्ट अशी की

ती नंतर सांगतो. दुसरं पान संपलं. मला ठाऊक आहे मी काय करतोय. भीती वाटली की माझी जीभ गावभर हिंडते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आता सरळ सांगतो.

मी तोंडाशी नसतो, आत असतो. बोगद्याच्या भिंतीला जिथे तडे आहेत, तिथे आम्ही काचेच्या पट्ट्या लावतो. गिलावा मीच कालवतो. दोन्ही टोकांना ठिपका, मधून तडा. मला वाटायचं उजेड पाडायला लावतात. गेल्या सोमवारी त्यातली एक टक् करून वाजली. एवढासा आवाज, बोट मोडल्यासारखा. मामाने शिट्टीबिट्टी काही केलं नाही, नुसता वळला आणि पळाला. मग सगळे पळाले. मीही पळालो. बाहेर आल्यावर इथल्या इंजिनिअरबाईंनी माणसं मोजली, आणि मोजून होईपर्यंत आत धूळ भरलेली होती. माणसं सगळी निघाली. आम्ही उभे होतो ती जागा मात्र आता नाही.

मी बाईंना विचारलं, काचेचा काय संबंध? त्या म्हणाल्या, “भिंत हळूहळू सरकते ती डोळ्याला दिसत नाही. काच ताणली जात नाही, तडकते. शाबूत आहे तोवर भिंत जागेवर. तडकली की भिंत चालू लागली.”

ताई, तुझ्या जिन्यातल्या काचा तडकलेल्या होत्या. बहुतेक सगळ्या. त्या तू बदलल्यास. इंजिनिअरांनी बोट फिरवलं ते तुझ्या नव्याकोऱ्या काचांवर. दार अडकतं ते दार फुगल्यामुळे नाही. पीठ झडतं ते पीठ नाही.

वर जाऊ नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

अरे भिंगरी,

तुझं जाडजूड पत्र आलं. दुपारच्या सुट्टीत दोन पानं वाचली आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. रात्री तीच आईला वाचून दाखवली. मामाची शिट्टी ऐकून तिला ठसका लागला. उरलेली पानं रविवारी निवांत वाचू म्हणून पिशवीत ठेवली आहेत. जहाजावरच्या भावाची गोष्ट असणार, ती गडबडीत वाचण्यासारखी नाही.

गडबड कसली ते सांगते. पाच मार्चला सुनावणी ठरली. सगळ्या गावाला बोलावलंय. एवढी माणसं वर कधी चढली नव्हती, भाड्याने खुर्च्या आणायच्या आहेत. आणि सगळ्यात पुढे कोण बसणार? आपली आई. घरपट्टी वाढवू देणार नाही म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायकांची फौज तयार केलीय. रोज संध्याकाळी आपल्या ओसरीवर तालीम चालते. काल मला म्हणाली, “तू पालिकेची माणूस, तू आत जा, आमचं गुपित फुटेल.”

दार पुन्हा अडकलं. या वेळी सुतारच म्हणाला, ताई, आता तासायला लाकूड उरलं नाही.

ऑर्डर टाइप झालीय म्हणे. सुनावणी पार पडली की सही.

ताई


२ मार्च

ताई,

वर जाऊ नकोस. आईला जाऊ देऊ नकोस. कुणालाच जाऊ देऊ नकोस.

पिशवीतली दोन पानं वाच. आत्ता, उभ्या उभ्या.

काल पालिकेत फोन लावला. हेडक्लार्कनी घेतला. मी सगळं सांगितलं, तुला बोलवा म्हटलं. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. “बरं,” म्हणाले आणि ठेवला. त्यांच्या त्या ‘बरं’ची मला जास्त भीती वाटली.

भिंगरी


६ मार्च

भिंगरी,

आम्ही सगळे आहोत. हे आधी लिहिते.

तुझं पत्र सुनावणीच्या दिवशी सकाळी फाटकातच हातात पडलं. एवढं छोटं पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. रविवार तर खुर्च्या जमवण्यातच गेला होता. पिशवीतली पानं जिन्याखाली उभी राहून वाचली, आणि वर भाड्याच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाज माझ्या डोक्यावरून गेला.

हेडक्लार्ककडे गेले. त्यांना ठाऊक होतं हे तोंडावरच दिसलं. म्हणाले, “काचा कुणी बदलल्या? तुम्ही. कुणी सांगितलं? याला साक्षीदार नाही. ऑर्डर माझ्या खणात आहे, बाई. एक दुपार जाऊ द्या. इतकी वर्षं उभी आहे, एका दुपारीने काय होतंय?” पण बोलताना ते छताकडे बघत होते.

मग इंजिनिअरांना गाठलं. “साहेब, काचा मी बदलल्या. जुन्या फुटल्या होत्या.” मला वाटलं अंगावर येतील. त्यांनी फक्त विचारलं, “किती फुटल्या होत्या?” मी म्हटलं, एक सोडून सगळ्या. ते भिंतीला हात टेकवून उभे राहिले आणि हळूच हात काढून घेतला, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा.

वर सभागृह गच्च भरलेलं. ‘पळा’ म्हटलं असतं तर सगळे त्याच जिन्यावर कोसळले असते. पहिल्या रांगेत आई. तिच्या कानात सांगितलं, चल खाली. तर म्हणते, “घरपट्टीवर बोलल्याशिवाय मी उठत नाही. तुझ्या साहेबाने पाठवलं का तुला?”

आमच्याकडे एक रीत आहे. नगराध्यक्षांची खुर्ची जिथे, तिथे सभा. एकदा ती पॉलिशला गेली होती, तर नगरसेवकांनी दिवसभर गप्पा मारल्या, पण एकही शब्द कामकाजात धरला गेला नाही. नगराध्यक्ष अजून यायचे होते. मी इंजिनिअरांना म्हटलं, “एका बाजूने धरा.” आणि आम्ही दोघांनी ती खुर्ची उचलली.

“ओ बाई, खुर्ची कुठे चालली?”

“रस्त्यापलीकडे, बसच्या गॅरेजात. तिथे जागा मोठी आहे.”

“मग आम्ही?”

“जो आधी जाईल त्याला पुढची जागा.”

बघ, पुढच्या जागेसाठी आपली माणसं काय वाटेल ते करतात. उठलीच सगळी. खुर्ची इंजिनिअरांनी पुढे नेली आणि मी जिन्याच्या तोंडाशी बस कंडक्टरसारखी हात आडवा धरून उभी राहिले. एकेक करून, घाई नको, म्हाताऱ्यांना आधी. हसत होते, ढकलत होते, एकाने तिकीट मागितलं. जिना पायाखाली गुणगुणत होता. मी भिंतीकडे बघितलं नाही. सगळ्यात शेवटी आई आली, शिव्या देत.

खालच्या जन्म-मृत्यूच्या खिडकीवरची माणसंही काढली. इंजिनिअरांनी फाटकाला कुलूप लावलं आणि गॅरेजात उभं राहून खरं काय ते सांगितलं.

इमारत पडली नाही, भिंगरी. दुपार झाली, संध्याकाळ झाली, ती तशीच उभी. आधी लोक गप्प होते. मग कुणीतरी हसलं. मग एक नगरसेवक उठला. “हे कर्जवाल्यांचं नाटक आहे! इमारत धोकादायक ठरवायची आणि तुम्हाला न विचारता कर्ज काढायचं. या बाईला पुढे केलंय!” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यात आईचीही.

घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती.

ताई


१२ मार्च

ताई,

लोक हसले तर हसू देत. हसायला शिल्लक आहेत.

तुझं पत्र मी इंजिनिअरबाईंना वाचून दाखवलं. खुर्चीचं ऐकून त्या पहिल्यांदाच हसल्या. मग विचारलं, “रिकामी झाल्यावर कुणी परत आत गेलं नाही ना?” मी म्हटलं, कुलूप आहे. त्या म्हणाल्या, “न पडलेल्या भिंतीसारखी वाईट भिंत नाही. रोज उभी राहते आणि रोज तुम्हाला खोटं पाडते. मग माणसं तिच्याखाली जाऊन बसतात.”

हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल घमेलं बुटावर पालथं केलं. आई काय करतेय? ती गप्प असेल तर मला ते आवडत नाही. ती गप्प असते तेव्हा काहीतरी ठरवत असते. निघून येऊ का? तू म्हणशील तर आजच निघतो. पण खरं सांगू, मी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, आणि तू ते मला पत्राने कळवशील, आणि ते पत्र इथे पोचेल तेव्हा मी वाटेत असेन. म्हणून इथेच थांबलोय. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी थांबलोय, आणि रात्रीसुद्धा बूट काढत नाही.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरी,

आई ठरवतच होती.

इमारत धोकादायक असल्याचं कागदावर अजून ठरलंच नव्हतं, म्हणून चौदा तारखेला पैसा कुठून आणायचा यावर मतदान होतं. गॅरेजात बसचा धूर, आवाज, कुणाला काही ऐकू येईना. हेडक्लार्ककडे दुसरी किल्ली होती. सकाळी मी पोचले तर फाटक उघडं, आणि आई गल्लीतल्या बायकांना घेऊन वर जाऊन बसलेली. पहिल्या रांगेत. इमारत ठणठणीत आहे हे दाखवायला. खाली नगरसेवक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवणारा एकही वर गेला नव्हता.

इंजिनिअर फाटकात उभे राहून ओरडत होते. त्यांना कुणी दाद देईना. मी आत शिरले. ते म्हणाले, “बाई, नका जाऊ.” पण आई वर असताना खाली उभं राहायचं कसं असतं, ते मला येत नाही.

तोच जिना. वर जाताना एकटीच होते तरी तो गुणगुणला. सभागृहात गेले. आईने बघितलं आणि तोंड फिरवलं. सगळं बोलून झालं होतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. भीतीने माझे दात वाजत होते. बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, “अगोबाई, हिला काय झालं?”

आईने माझा हात हातात घेतला. रागानेच घेतला, गप्प बस म्हणून दाबायला. मग दाबायची थांबली. नुसता धरून राहिली. माझा हात थांबतच नव्हता.

“खरंच घाबरलीस?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“मग वर कशाला आलीस, मूर्ख?”

“तू इथे बसलीस म्हणून.”

तिने छताकडे बघितलं. तेवढ्यात तिच्या पांढऱ्या केसांवर वरून ते पीठ झडलं. ती उठली. “चला गं,” म्हणाली, “ही पोरगी लहानपणी खोटं बोलायची तेव्हा इतकी ऐटीत बोलायची, की मला दरवेळी खरं वाटायचं. हे तसं नाही. एकेक करून उतरा. आवाज नको.”

गॅरेजात तिने सगळ्यांसमोर बोलायला हात वर केला. “वाढवा घरपट्टी,” म्हणाली. “भरीन मी. भरताना प्रत्येक वेळी तुम्हाला शिव्या घालीन, तेवढी मुभा कागदावर लिहून घ्या.” हसले सगळे. थोडी घरपट्टी, थोडं कर्ज, असा ठराव झाला. भूखंड वाचला. नव्या इमारतीला दोन वर्षं लागणार. हेडक्लार्कची बदली झाली, बढतीवर.

आणि माझी ऑर्डर आली. कायम झाले, भिंगरी. कामाच्या रकान्यात लिहिलंय, जुन्या इमारतीतलं सामान उतरवून घेणे. कपाटं, माइक, जन्म-मृत्यूचे कागद, सगळं. भाडोत्री माणसं आत जायला तयार नाहीत, आणि सभागृहाचं सामान माझ्या ताब्यात आहे. इंजिनिअरांनी खालून लाकडी टेकू लावलेत. एका वेळी एकच माणूस, पाऊल हलकं, हाताला मावेल तेवढंच. त्यांनी दोनदा विरोध लिहून दिला. वरून उत्तर आलं, नव्या इमारतीला पैसे लागतात, जुन्या खुर्च्या फेकून चालणार नाहीत.

नाही म्हणायचा विचार केला होता. आई म्हणाली, नाही म्हण. मग आम्ही दोघी घरातलं पीठ, तेल, औषधं बघत बसलो, आणि सकाळी मी रुजू झाले.

रोज सकाळी ती माझ्याबरोबर येते. रस्त्यापलीकडे गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहते. मी आत गेले की ती हाक मारते. मी ओ देते. पुन्हा हाक, पुन्हा ओ. येणारे-जाणारे बघतात, बसवाले हसतात. ती थांबत नाही. घसा बसलाय तिचा, पण काल मी जिन्यात दोन्ही हातांत माइक घेऊन उभी होते, खालून एक बस जात होती, भिंत कुरकुरली, आणि माझं ओ द्यायचं राहिलं. बाहेर आले तर आई रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबवून.

आता मी हाकेची वाट बघत नाही. आत पाऊल टाकलं की आधीच ओ म्हणायला लागते, आणि बाहेर येईपर्यंत म्हणत राहते.

ताई